मृत्युपत्र जुनं पडू नये म्हणून: मुंबईकरांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

आमच्या सोसायटीचं दप्तर नऊ वर्षं माझ्याकडे होतं. सभासद वारल्यावर फ्लॅट नावावर करून घ्यायला घरची माणसं यायची, तेव्हा त्यांच्या पिशवीत अनेकदा मृत्युपत्र असायचं. सह्या असायच्या, साक्षीदार असायचे, तरीही काम अडायचं. मृत्युपत्रात लिहिलेली जुनी खोली पुनर्विकासात पाडली गेलेली असायची. ज्या ठेवीचा नंबर लिहिला होता, ती कधीच मोडलेली असायची. व्यवहार पार पाडायला नेमलेले मामा आधीच गेलेले असायचे. आणि सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नॉमिनी म्हणून अजून सभासदाच्या आईचं नाव असायचं, जिला जाऊनही पंधरा वर्षं झाली होती.

यातलं एकही मृत्युपत्र लिहिलं त्या दिवशी चुकीचं नव्हतं. नंतर घर बदललं, माणसं बदलली आणि कागद होता तिथेच राहिला. हा लेख मृत्युपत्र पहिल्यांदा कसं करावं याबद्दल नाही. केलेलं मृत्युपत्र, दिलेली नॉमिनेशन्स आणि घराची कागदपत्रं एकमेकांशी जुळती कशी ठेवायची, एवढ्याबद्दलच आहे. लोक सर्वांत जास्त चुकतात ते क्रमात. काही बदललं की थेट वकिलाकडे जाऊन मृत्युपत्र बदलून घेतात. खरं तर ते चौथं काम आहे. त्याआधीची तीन झाली नसतील, तर नवं मृत्युपत्रही जुन्याइतकंच अडतं.

खालचे नियम प्रामुख्याने हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू होणारे आहेत. ख्रिस्ती आणि पारशी वाचकांनी एक फरक आत्ताच लक्षात घ्यावा: त्यांच्या बाबतीत लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न होताच कायद्याने रद्द होतं, त्यामुळे लग्नानंतर नवं करावंच लागतं. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही.

## फाइल कधी उघडायची

दोन वेळा. एक, ठरलेली. मी जुलैत उघडतो, कारण इन्कम टॅक्सचं रिटर्न भरण्यासाठी बँकेचे आणि गुंतवणुकीचे कागद तसेही टेबलावर आलेले असतात. दुसरी, काही घडल्यावर: घरात लग्न, घटस्फोट, जन्म किंवा मृत्यू, घर घेतलं किंवा विकलं, सोसायटीने पुनर्विकासाचा करार केला, नोकरी बदलली किंवा निवृत्ती झाली, मूल परदेशात स्थायिक झालं, एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे व्यवहार पार पाडायला नेमलेला माणूस) किंवा साक्षीदार वारला.

इशारा: घटस्फोट झाला म्हणून हिंदू व्यक्तीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही, आणि बँकेतलं नॉमिनेशनही पुसलं जात नाही. पूर्वीच्या जोडीदाराचं नाव तुम्ही काढेपर्यंत तिथेच राहतं.

## टप्पा १: यादी

एक साधी दोनशे पानी वही घ्या. कॉम्प्युटरवर केलीत तरी छापून ठेवा. प्रत्येक मालमत्तेपुढे पाच रकाने करा: ती कुणाच्या नावावर आहे, जोडधारक कोण, नॉमिनी कोण, मृत्युपत्राप्रमाणे कुणाला जाणार आणि हे शेवटचं कधी तपासलं.

माहिती आठवणीतून भरू नका. समोर कागद ठेवूनच भरा. "नॉमिनी बायकोच आहे" असं छातीठोकपणे सांगणाऱ्या गृहस्थांच्या पासबुकात धाकट्या भावाचं नाव निघालेलं मी पाहिलं आहे. खातं लग्नाआधी उघडलेलं होतं, एवढंच कारण.

समोर काय काय हवं: फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ, बँकेची पासबुकं, ठेवींच्या पावत्या, पोस्टाची खाती, पीपीएफ, पीएफचा यूएएन, विमा पॉलिसी, लॉकरचा करार. शेअर आणि म्युच्युअल फंडांसाठी पॅन नंबरावर मिळणारं एकत्रित स्टेटमेंट, म्हणजे 'कॅस', काढून घ्या. विसरलेला एखादा फोलिओ त्यात सापडतो. दहा वर्षं हात न लावलेल्या बँक खात्यांचा शोध रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर घेता येतो.

कर्जंही लिहा. गृहकर्ज, सोन्यावरचं कर्ज, मित्रासाठी दिलेली जामीनकी. वारसांना मालमत्तेबरोबर हेही निस्तरावं लागतं आणि ते नेमकं कुणालाच माहीत नसतं.

तपासा: तिसरा आणि चौथा रकाना, म्हणजे नॉमिनी आणि मृत्युपत्रातला लाभार्थी, जिथे जुळत नाहीत तिथे लाल खूण करा. दोघं वेगळे असण्याला कायद्याची आडकाठी नाही. पण ते तुम्ही जाणूनबुजून ठेवलं आहे की नुसतं राहून गेलं आहे, याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

## टप्पा २: मालकी आधी सरळ करा

आपलं नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही. हे सगळ्यांना पटतं, पण मुंबईत "आपलं" म्हणजे नक्की काय, यावरच गाडी अडते. म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

शेअर सर्टिफिकेट अजून वडिलांच्या नावावर. वडील गेले, मेन्टेनन्स तुम्ही भरता, वीजबिल तुमच्या नावावर आलं, आणि सर्टिफिकेट तसंच राहिलं. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर तो फ्लॅट आई, तुम्ही, भाऊ आणि बहिणी यांचा समान हिश्श्याने आहे. लग्न झालेल्या बहिणींचाही. त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं नसेल, तर तुमच्या मृत्युपत्रात "माझा फ्लॅट" असं लिहिलं तरी देता येतो तो फक्त तुमचा हिस्सा. आधी हक्कसोडपत्र किंवा कौटुंबिक व्यवस्थापत्र, मग सोसायटीत हस्तांतर, मग मृत्युपत्र. बहीण तोंडी "मला काही नको" म्हणाली होती, हे पुढच्या पिढीत कुणाला पटवता येत नाही.

करारावर दोन नावं. नवरा-बायको दोघांच्या नावावर फ्लॅट असेल तर प्रत्येकाला फक्त आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करता येतं. एक गेलं की दुसऱ्याकडे आपोआप सगळं जातं, ही समजूत चुकीची आहे. म्हणून दोघांची दोन स्वतंत्र मृत्युपत्रं हवीत.

पुनर्विकास. मुंबईतल्या मृत्युपत्रांचा घात सर्वांत जास्त इथे होतो. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळालं. उपनगरांतल्या तीन मजली इमारतींच्या जागी टॉवर उभे राहिले. पत्ता, मजला, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, सगळं बदललं. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम १५२ नुसार, मृत्युपत्रात नेमकी सांगितलेली वस्तू मृत्यूच्या वेळी तुमची राहिलेली नसेल किंवा तिचं रूपांतर वेगळ्या प्रकारच्या मालमत्तेत झालं असेल, तर ती देणगी बुडते. पार्ल्याचा फ्लॅट मुलीला लिहून ठेवला, पुढे तो विकून बोरिवलीत घेतला, तर बोरिवलीचा फ्लॅट आपोआप मुलीचा होत नाही. पुनर्विकासात जुन्याच्या बदल्यात नवं मिळालं असं म्हणता येतं, पण भांडायला जागा राहते, आणि ज्याला भांडायचं असतं त्याला तेवढी जागा पुरते. त्यात माणूस ट्रान्झिटमध्ये, म्हणजे नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, असताना गेला तर घर नसतंच. असतो तो फक्त हक्क, बिल्डरकडून दरमहा येणारं भाडं आणि कॉर्पसची, म्हणजे बिल्डर देतो ती एकरकमी, रक्कम. याचा उल्लेख जुन्या मृत्युपत्रात नसतोच. तो कसा करायचा, ते चौथ्या टप्प्यात येईल.

पागडीची खोली. गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींत राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. पागडीची खोली म्हणजे भाडेहक्क. निवासी भाडेहक्क मृत्युपत्राने कुणालाही देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे हा हक्क मृत्यूच्या वेळी भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. असं कुणी नसेल तर वारसाकडे. त्यामुळे ठाण्यात राहणाऱ्या मुलीला चाळीतली खोली लिहून ठेवली आणि खोलीत धाकटा मुलगा राहत असेल, तर त्या ओळीला अर्थ उरत नाही. मुलीला काही द्यायचंच असेल तर ते दुसऱ्या मालमत्तेतून द्या. इमारतीच्या पुनर्विकासात मालकी हक्काचं घर मिळालं, की त्याच महिन्यात मृत्युपत्र पुन्हा करा, कारण आता ते घर देता येण्यासारखं झालं आहे.

कोकणातली जमीन. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आणि खाली पंधरा-वीस सहहिस्सेदार, हे चित्र रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या प्रत्येक मुंबईकराला ओळखीचं आहे. तलाठ्याकडे वारस नोंद करून फेरफार मंजूर करून घ्या. वाटप झालं नसेल तर मृत्युपत्रात "माझा अविभक्त हिस्सा" एवढंच लिहा. कलमांच्या बागेचा अमुक कोपरा थोरल्याला, असं लिहू नका.

पार्किंगबद्दल एकच वाक्य: सोसायटीने वापरायला दिलेली जागा तुमच्या मालकीची नसते, ती मृत्युपत्रात वाटू नका.

तपासा: यादीतल्या प्रत्येक स्थावर मालमत्तेपुढे "नाव माझं, हिस्सा इतका" असं लिहिता येतंय का? जिथे येत नाही, तिथली कामं आधी हातात घ्या. वेळ लागणार असेल तर मृत्युपत्र थांबवू नका, पण त्यात फक्त "माझा हिस्सा" असा उल्लेख ठेवा.

## टप्पा ३: नॉमिनेशन जुळवून घ्या

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे किंवा वस्तू ताब्यात घेतो आणि खऱ्या वारसांसाठी सांभाळतो. शेअर आणि डिबेंचरच्या बाबतीतही हेच लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. एक अपवाद मोठा आहे: विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील, तर रकमेचा लाभ त्यांनाच मिळतो. म्हणजे विमा पॉलिसीवरचं नाव बदलायचं राहिलं, तर मृत्युपत्रातलं वाक्य त्याला बहुधा वाचवू शकणार नाही.

मग नॉमिनेशन करायचंच कशाला? कारण ते नसेल तर पहिले काही महिने घरच्यांना पैसे हाताशी लागत नाहीत. दवाखान्याचं बिल, गृहकर्जाचा हप्ता, शाळेची फी हे सगळं त्याच महिन्यांत येतं.

*बँक.* १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. ठेवींसाठी चौघांना टक्केवारीने किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरसाठी फक्त क्रमाने. टक्केवारी दिलीत तर बेरीज १०० व्हायला हवी. प्रत्येक ठेवीची पावती वेगळी तपासा. बचत खात्याचा नॉमिनी ठेवीलाही लागू आहे असं गृहीत धरू नका.

*पीएफ.* लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर बाद ठरतं. आई-वडिलांची नावं टाकून ठेवलेल्या तरुणांनी लग्नानंतर यूएएन पोर्टलवर आधारच्या ई-सहीने नवं करावं. हे घरबसल्या होतं आणि तरीही सर्वांत जास्त वेळा राहून जातं.

*डिमॅट आणि म्युच्युअल फंड.* २०२५ पासून दहापर्यंत नॉमिनी चालतात. प्रत्येक फोलिओ वेगळा पाहा.

*सोसायटी.* नॉमिनेशनचा फॉर्म तीन प्रतींत द्यायचा असतो. कमिटीच्या सभेत त्याची नोंद होते आणि एक प्रत पोच म्हणून तुमच्याकडे परत येते. ती पोच येईपर्यंत काम झालं असं समजू नका. सेक्रेटरी बदलतात, कपाटं बदलतात. मी दप्तर हाती घेतलं तेव्हा नॉमिनेशन रजिस्टरची मधली काही वर्षं कोरीच होती. ज्यांच्याकडे पोच होती त्यांची नोंद पुन्हा करता आली. शिवाय आता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेल्या कलम १५४-ब-१३ प्रमाणे नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं. कायमच्या हस्तांतरासाठी मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा कौटुंबिक व्यवस्थापत्र असं काहीतरी लागतंच.

इशारा: "फ्लॅटचा नॉमिनी बदलला, आता मृत्युपत्राची गरज नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते सोसायटीच्या फळ्यावर लावावंसं वाटायचं. नॉमिनी बदलल्याने फक्त कमिटीने पहिल्यांदा कुणाशी बोलायचं ते बदलतं.

## टप्पा ४: मृत्युपत्रात बदल: पुरवणी की नवं?

सर्वांत आधी, काय करायचं नाही ते.

आमच्या बाबांनी १९९८ मध्ये मृत्युपत्र केलं. आईचे दागिने त्यांनी थोरल्या ताईला लिहिले होते. पुढे धाकटीचं लग्न झालं, तेव्हा त्यांनी त्या ओळीच्या समासात पेनने "दोघींत निम्मे" असं लिहून खाली स्वतःची सही केली. साक्षीदारांना बोलावलं नाही. त्यांच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता, अक्षरही त्यांचंच होतं. पण कलम ७१ प्रमाणे सही झाल्यानंतर केलेली खाडाखोड किंवा भर ही मूळ मृत्युपत्रासारखीच, म्हणजे दोन साक्षीदारांसमोर, झाली नसेल तर तिला किंमत नसते. कागदोपत्री सगळे दागिने ताईचे. ताईने स्वतःहून निम्मे वाटून दिले म्हणून निभावलं. प्रत्येक घरात ताई अशी असेलच असं नाही.

तेव्हा पेन हातात घेऊ नका. दोनच मार्ग आहेत.

पुरवणी मृत्युपत्र, ज्याला वकील कोडिसिल म्हणतात, ते एखाद्या छोट्या, सुट्या बदलासाठी ठीक: एक्झिक्युटर बदलणं, एखाद्या संस्थेला देणगी वाढवणं. त्यात मूळ मृत्युपत्राची तारीख, नोंदणी असल्यास तिचा क्रमांक, नेमकं कोणतं कलम बदललं आणि "बाकी सर्व कायम" हे वाक्य हवं. तिलाही सही आणि दोन साक्षीदार लागतात.

नवं मृत्युपत्र बाकी सगळ्यासाठी. घर बदललं, लाभार्थी वारला, सून किंवा जावई आले, मालमत्तेचा तोल बदलला, की नवंच करा. माझं मत असं की पुरवणी आयुष्यात एकदाच. दुसऱ्या पुरवणीची वेळ आली, म्हणजे नव्या मृत्युपत्राची वेळ आली. तीन कागद एकत्र वाचून अर्थ लावण्याची पाळी मुलांवर आणू नका.

नवं लिहिताना, ते पुन्हा लवकर जुनं पडू नये म्हणून काही काळजी घ्या.

पहिल्याच परिच्छेदात "यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं आणि पुरवण्या मी रद्द करत आहे" असं लिहा. जुनं नोंदणीकृत असेल तर त्याचा क्रमांक द्या.

घराचं वर्णन असं करा की पुनर्विकासातही ते टिकेल. आधी सोसायटीचं नाव, सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर आणि सध्याचा फ्लॅट नंबर द्या आणि पुढे अशा आशयाचं वाक्य घाला: "माझ्या मृत्यूच्या दिवशी वरील सोसायटीत माझ्या नावे असलेला फ्लॅट, किंवा पुनर्विकास झाल्यास त्याच्या बदल्यात मिळालेला अथवा मिळावयाचा फ्लॅट, तो मिळण्याचा हक्क, त्यापोटी येणं असलेलं भाडं आणि कॉर्पस रक्कम, यांतील माझा संपूर्ण हिस्सा मी माझ्या पत्नीला देत आहे. ती माझ्याआधी वारल्यास तो माझ्या दोन्ही मुलांना समान मिळावा."

शेवटचं वाक्य प्रत्येक देणगीमागे हवं. लाभार्थी तुमच्याआधी गेला तर सामान्यतः देणगी बुडते आणि उर्वरित मालमत्तेत जाते. मुलगा, मुलगी किंवा नातवंडांच्या बाबतीत त्यांची संतती मागे असेल तर ती वाचते. पण पत्नी, भाऊ, बहीण, मित्र यांच्या बाबतीत पुढचं नाव लिहिलेलं असलेलं बरं.

ठेवीचे नंबर लिहू नका. ठेव नूतनीकरणाला गेली की नंबर बदलण्याची शक्यता असते. "माझ्या सर्व बँकांतील सर्व ठेवी आणि शिल्लक" असं लिहून हिस्से द्या. तीच गोष्ट शेअरची.

उर्वरित मालमत्तेचं कलम विसरू नका: "वर न लिहिलेली आणि पुढे मिळणारी माझी सर्व मालमत्ता अमुक यांना." हे नसेल तर राहून गेलेली प्रत्येक गोष्ट हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांच्यात समान विभागली जाते.

एक्झिक्युटर वयाने तुमच्यापेक्षा लहान आणि शक्यतो मुंबईत किंवा जवळपास राहणारा निवडा, आणि एक पर्यायी नाव द्या. मुलं अज्ञान असतील तर दोघा पालकांनी आपापल्या मृत्युपत्रांत पालक म्हणून एकाच व्यक्तीचं नाव लिहा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. घरात नवऱ्याचं मृत्युपत्र असतं, बायकोचं नसतं. "तिच्या नावावर काय आहे?" असं विचारलं जातं. फ्लॅटचा अर्धा हिस्सा, पीएफ, दागिने, माहेरची जमीन, हे सगळं असतं. विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि मागे पती किंवा मुलं नसतील, तर तिची स्वकष्टार्जित मालमत्ता तिच्या आई-वडिलांआधी पतीच्या वारसांकडे जाते. तिला सांभाळणाऱ्या बहिणीला किंवा भाचीला काहीच मिळत नाही. एकट्या राहणाऱ्या विधवा बायकांनी हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

तपासा: मृत्युपत्राची भाषा करणाऱ्याला वाचता येते का? मराठीत विचार करणाऱ्या आईकडून इंग्रजी मसुद्यावर सही घेणं म्हणजे "तिला कळलंच नव्हतं" या आक्षेपाला आमंत्रण. मराठी मृत्युपत्र पूर्णपणे वैध असतं.

## टप्पा ५: सही, साक्ष, नोंदणी

साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क लागत नाही. प्रत्येक पानावर सही, शेवटी तारीख आणि ठिकाण. दोन साक्षीदार, आणि दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं. साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नाही.

साक्षीदार कोण नको: ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे ते, आणि त्यांचे पती-पत्नी. सत्तरीतले मित्रही नकोत. साक्षीदाराला तुमच्या पश्चात कोर्टात उभं राहायचं असतं, आणि किमान एकाला तरी ते जमावं. सोसायटीतले चाळिशीचे शेजारी, ऑफिसमधले तरुण सहकारी, फॅमिली डॉक्टर असे निवडा. त्यांचं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन लिहून घ्या.

सत्तरीच्या पुढे असाल किंवा मोठ्या आजारातून उठला असाल, तर त्याच दिवसाच्या तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा: शुद्धीवर, समज शाबूत. ते नंतरच्या तारखेचं असेल तर उपयोग कमी.

नोंदणी सक्तीची नाही. दुय्यम निबंधकांकडे करता येते. माझा सल्ला करून टाकण्याचा आहे, विशेषतः घर गुंतलेलं असेल आणि मुलांत समान वाटप नसेल तर. नंतर केलेलं, नोंदणी नसलेलं मृत्युपत्रसुद्धा आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला रद्द करू शकतं. पण घरात आधीच कुरबुर असेल तर नोंदणीकृताच्या जागी साधं ठेवू नका, नवंही नोंदवा.

मुंबईतल्या मालमत्तेच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, घेणं वर्षानुवर्षं सक्तीचं होतं. ती सक्ती करणारं कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळलं. पण म्हणून साक्षीदारांकडे दुर्लक्ष करू नका. कुणी आव्हान दिलं तर मृत्युपत्र सिद्ध करावंच लागतं.

## टप्पा ६: जुन्या प्रतींचं काय

नव्यावर सह्या होईपर्यंत जुनं फाडू नका. मध्ये काही झालं तर हातात काहीच उरत नाही. नवं झाल्यावर जुन्याच्या झेरॉक्स प्रती मुलांकडून, एजंटकडून, कपाटातून गोळा करून नष्ट करा. गोंधळ घालतात त्या याच प्रती.

मूळ जुनं मृत्युपत्र मात्र मी वकिलाकडे बंद पाकिटात ठेवायला सांगतो. पाकिटावर बाहेरून एवढंच: "यानंतर अमुक तारखेचं मृत्युपत्र केलेलं आहे." नवं काही कारणाने कोर्टात टिकलं नाही, तर निदान जुनं हाताशी असतं. कागदावर नुसतं "रद्द" लिहून ठेवल्याने मृत्युपत्र कायद्याने रद्द होत नाही, आणि वाचणारा मात्र बुचकळ्यात पडतो.

इशारा: नव्याची एकमेव मूळ प्रत तुमच्या एकट्याच्या नावच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला कागद हवेत आणि कागद लॉकरमध्ये, असा पेच पडतो.

## टप्पा ७: घरच्यांना ठाऊक असू द्या

मजकूर सांगायची सक्ती नाही. जागा सांगायची आहे. एक्झिक्युटर आणि घरातली एक व्यक्ती, अशा दोघांना मूळ प्रत कुठे आहे ते माहीत हवं. पहिल्या टप्प्यातली वही त्याच फाइलमध्ये ठेवा. मोबाईलचं कुलूप उघडायची सोय करून ठेवा, कारण आज बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येतो. गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आणि आयफोनवर 'लेगसी कॉन्टॅक्ट' भरून ठेवा, नाहीतर सगळे फोटो आत अडकून राहतात. पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका, तो कागद पुढे अनेकांच्या हातांतून जातो.

वाटप समान नसेल तर मात्र हयातीतच बोला. आजारपणात जिने सात वर्षं केलं त्या मुलीला जास्त दिलं असेल, तर ते कारण मृत्युपत्रात दोन ओळींत लिहा आणि मुलालाही समोर बसवून सांगा. कठीण आहे, पण माझ्यासमोर कमिटीच्या टेबलावर झालेली भांडणं रकमेपेक्षा "आम्हाला का सांगितलं नाही" यावरच जास्त पेटलेली होती.

## दर जुलैची तपासणी

यादी काढा, पाचव्या रकान्यात नवी तारीख घाला. वर्षभरात नवीन खाती उघडली का, ठेवी फिरवल्या का, ते पाहा. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत पुनर्विकासाचा विषय आला असेल तर मृत्युपत्रातलं घराचं वर्णन पुन्हा वाचा. लाभार्थी, पालक, एक्झिक्युटर सगळे हयात आणि धडधाकट आहेत ना? काही बदललं नसेल तर वहीत "पाहिलं, बदल नाही" लिहून तारीख आणि सही करा.

आणि दोन्ही साक्षीदारांना एकेक फोन करा. डोंबिवलीहून पुण्याला गेले असतील, नंबर बदलला असेल, तर तो फाइलमध्ये दुरुस्त करा. एखादा वारला असेल तर नव्या साक्षीदारांसमोर मृत्युपत्र पुन्हा करायची वेळ झाली आहे.